तिबेटी आणि बंगाली कुठे कुठे बोलतात: दोन भाषांच्या क्षेत्रांची तुलना कशी करावी

अशी तुलना पहिल्यांदा करणारे बहुतेक जण नकाशा घेतात, बांगलादेश आणि पश्चिम बंगाल एका रंगाने भरतात, तिबेट दुसऱ्या रंगाने भरतात आणि काम झाले असे समजतात. हा नकाशा दोन्हीकडे चुकतो. बंगालीच्या रंगाखाली बंगाली नसलेल्या कितीतरी भाषा झाकल्या जातात, आणि तिबेटीच्या रंगाबाहेर निम्म्याहून अधिक तिबेटी लोक राहून जातात. बंगाली हे एकच नाव एकमेकांपासून बऱ्याच लांबच्या बोलींवर पांघरलेले आहे. तिबेटीचे उलटे आहे: खोरे बदलले, देश बदलला की नाव बदलते. म्हणून आधी नावांचा हिशेब लावायचा, मग माणसांचा. आणि जे माप एका भाषेला लावले तेच दुसरीला लावायचे.

पायरी १: तक्ता आखा

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये सात रकाने करा: ठिकाण, ते राज्य आहे की जिल्हा की तालुका, मोजणीचे वर्ष, कागदपत्रात भाषेचे छापलेले नाव, लोकांना विचारलेला प्रश्न, बोलणाऱ्यांची संख्या, आणि त्या ठिकाणच्या लोकसंख्येशी टक्केवारी. चौथा आणि पाचवा रकाना नवखे लोक हमखास गाळतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्नाचा रकाना का हवा? भारताच्या जनगणनेत मातृभाषा विचारतात. चीनच्या जनगणनेत वांशिक गट विचारतात. चीनच्या २०२० च्या गणनेत तिबेटी गटाची संख्या ७०,६०,७३१ आहे. हा आकडा माणसांचा आहे, भाषेचा नाही. सिच्वान प्रांताच्या पश्चिमेला ग्यारोंग लोकांची नोंद तिबेटी म्हणून होते, पण त्यांची भाषा तिबेटीहून वेगळी आहे. शहरांत वाढलेल्या बऱ्याच तिबेटी तरुणांचे रोजचे बोलणे चिनीतच चालते. तेव्हा ७० लाख ही वरची मर्यादा धरा आणि तक्त्यात तसे लिहून ठेवा.

पायरी २: कोणाला 'बंगाली' म्हणायचे, कोणाला 'तिबेटी'

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

भारतीय जनगणनेचा सी-१६ हा मातृभाषांचा तक्ता उघडा. २०११ साली बंगालीचा एकूण आकडा ९,७२,३७,६६९ आहे. त्याच्याच खाली तो फोडून दिलेला असतो: स्वतःची मातृभाषा बंगाली सांगणारे ९,६१,७७,८३५, चकमा २,२८,२८१, हाजोंग ७१,७९२, राजबंशी ४,७५,८६१ आणि इतर २,८३,९००. म्हणजे चकमा, हाजोंग आणि राजबंशी बोलणारी माणसे सरकारी बेरजेत बंगालीत जमा आहेत. चकमा लोकांची स्वतःची लिपी आहे आणि आपली भाषा वेगळी आहे असे ते आग्रहाने सांगतात. सिल्हेटीला तर या तक्त्यात वेगळी ओळही नाही. सिल्हेटी आणि त्याहूनही चितगावी कोलकात्याच्या माणसाला नीट कळत नाही, कारण प्रमाण बंगाली उभी राहिली ती नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगर-शांतिपूर भागाच्या बोलीवर. ब्रिटनच्या जनगणनेत हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला आहे: तिथे रकान्याचे नावच 'बंगाली (सिल्हेटी आणि चितगावीसह)' असे आहे.

आता तिबेटीकडे वळा. तिबेटच्या आत तीन मोठ्या बोली आहेत: ल्हासा-शिगात्से भागातली ऊ-त्सांग, पूर्वेकडची खाम आणि ईशान्येची आम्दो. ल्हासाचा माणूस आणि आम्दोचा गुराखी एकमेकांशी बोलायला लागले तर अडखळतात. लिहिलेले मात्र दोघेही वाचतात. ल्हासाच्या बोलीत सूर बदलला की अर्थ बदलतो, आम्दोत तसे होत नाही. हिमालयाच्या अलीकडे लडाखी, बाल्टी, पुरिग, स्पितीची भोटी, सिक्कीमची भुतिया, नेपाळातली शेर्पा आणि भूतानची झोंगखा याही त्याच जुन्या तिबेटीतून निघालेल्या आहेत. पण कोणी लडाखी माणूस 'मी तिबेटी बोलतो' असे म्हणणार नाही, आणि झोंगखा तर एका देशाची राष्ट्रभाषा आहे.

इथे आमचे मत ठाम आहे. दोन मोजण्या करा, एक आखूड आणि एक रुंद, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. आखूड मोजणीत फक्त स्वतःला बंगाली किंवा तिबेटी म्हणवणारे. रुंद मोजणीत बंगालीकडे चकमा, राजबंशी, सिल्हेटी, चितगावी, आणि तिबेटीकडे लडाखीपासून झोंगखापर्यंत सगळ्या. बंगालीची रुंद आणि तिबेटीची आखूड मोजणी एकत्र ठेवली तर तिबेटीवर अन्याय होतो, आणि बहुतेक तयार तक्त्यांत नेमके तेच झालेले असते.

पायरी ३: बंगालीचा पट्टा

हा भाग तुलनेने सोपा आहे, कारण जमीन सलग आहे आणि वस्ती दाट. बांगलादेशाची लोकसंख्या २०२२ च्या गणनेत १६,५१,५८,६१६ होती. त्यात वांशिक अल्पसंख्य समाज साधारण साडेसोळा लाख, म्हणजे एक टक्का. ते मुख्यतः रांगामाटी, खागड़ाछड़ी आणि बांदरबन या चितगाव डोंगराळ भागातल्या तीन जिल्ह्यांत, तसेच मैमनसिंग-सिल्हेटच्या उत्तरेच्या कडेला आणि राजशाही भागात आहेत. हे तीन डोंगरी जिल्हे नकाशात वेगळ्या छटेने दाखवा. कॉक्स बाजारच्या छावण्यांमधले रोहिंग्या जी भाषा बोलतात ती चितगावीच्या जवळची असली तरी स्वतंत्र भाषा मानतात.

भारतात २०११ च्या गणनेनुसार पश्चिम बंगालमध्ये ८६.२२ टक्के, त्रिपुरात ६५.७३ टक्के आणि आसामात २८.९२ टक्के लोक बंगाली बोलणारे आहेत. आसामचा आकडा संपूर्ण राज्यावर सारखा पसरवू नका. बराक खोऱ्यातल्या काछाड, हैलाकांदी आणि करीमगंज (आता श्रीभूमी) या जिल्ह्यांत बंगाली बहुसंख्य आहेत, आणि तिथे बंगालीला अधिकृत दर्जा आहे. १९ मे १९६१ रोजी सिलचर स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात ११ जणांचे प्राण गेले, त्यानंतर तो मिळाला. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात चित्र अगदी निराळे आहे. अंदमानात बंगाली ही सर्वांत मोठी मातृभाषा आहे, २८ टक्क्यांच्या वर. नकाशात बेटे लहान दिसतात म्हणून ती सुटतात.

पश्चिम बंगालच्या आतही डोळे उघडे ठेवा. दार्जिलिंग आणि कालिम्पोंगच्या डोंगरात नेपाळी बहुसंख्य आहे. १९६१ पासून तिथे नेपाळीही राजभाषा आहे. पुरुलिया-झाडग्रामकडे संथाली आणि कुडमाली भेटतात.

इंटरनेटवर एक गोष्ट वारंवार वाचायला मिळते: सिएरा लिओनमध्ये बंगाली ही राजभाषा आहे. ती तक्त्यात घेऊ नका. त्या देशाची राजभाषा इंग्रजी आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत बांगलादेशी सैनिक होते, त्यांच्या गौरवाच्या बातमीतून ही समजूत पसरली.

पायरी ४: चीनमधला तिबेटी पट्टा

'तिबेट स्वायत्त प्रदेश' आणि 'तिबेटी बोलण्याचा प्रदेश' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वायत्त प्रदेश १९६५ साली स्थापन झाला. २०२० साली तिथली लोकसंख्या साधारण ३६.५ लाख होती, त्यातले तिबेटी ३१ लाखांच्या थोडे वर. म्हणजे ७० लाखांतले जवळजवळ ३९ लाख त्या प्रदेशाबाहेर राहतात. चौदावे दलाई लामा जन्मले ते आम्दोतले गावही आज चिंगहाय प्रांतात आहे.

बाहेरच्या तिबेटींना शोधायचे तर प्रांत धरून चालणार नाही, एक पातळी खाली उतरावे लागते. चीनमध्ये तिबेटी स्वायत्त प्रभाग दहा आहेत: चिंगहायमध्ये सहा, सिच्वानमध्ये दोन (गान्झी आणि आबा), गान्सूमध्ये गान्नान आणि युन्नानमध्ये दिचिंग. शिवाय दोन स्वायत्त तालुके आहेत, गान्सूत थियानझू आणि सिच्वानमध्ये मूली. या दहा प्रभागांची आणि दोन तालुक्यांची नावे यादीत लिहून घ्या आणि स्वायत्त प्रदेशाबाहेर फक्त तेवढेच रंगवा. अख्खा सिच्वान रंगवला तर सात कोटींहून अधिक चिनीभाषक तिबेटीच्या रंगात येतात.

दोन सापळे. चिंगहायमधल्या एका प्रभागाचे नाव हायनान आहे. दक्षिण समुद्रातल्या हायनान बेटाशी त्याचा संबंध नाही, पण नाव टाकून नकाशा आपोआप रंगवणारे सॉफ्टवेअर बेटच रंगवते. दुसरा सापळा म्हणजे हायशी प्रभाग. तो मंगोल आणि तिबेटी असा जोडनावाचा आहे, क्षेत्रफळाने प्रचंड आणि बराचसा ओसाड. त्याला पूर्ण रंग दिला तर तिबेटी विनाकारण फुगते.

पायरी ५: हिमालयाच्या अलीकडची नावे जुळवा

आता भारतीय तक्त्यातली सर्वांत फसवी जागा. २००१ साली लडाखी बोलणारे १,०४,६१८ होते. २०११ साली तेच १४,९५२. दहा वर्षांत भाषा मेली का? लेह जिल्ह्याचीच लोकसंख्या २०११ साली १,३३,४८७ होती आणि तिथले बाजार, घरे, गोम्पा (बौद्ध मठ) लडाखीतच बोलत होते. शेजारची ओळ पाहा: भोटिया २००१ साली ८१,०१२ होते ते २०११ साली २,२९,९५४ झाले. लोकांनी भाषेचे नाव बदलून सांगितले, बोलणे बदलले नाही. भोटी या नावाला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळावी म्हणून हिमालयी पट्ट्यात अनेक वर्षे मागणी चालू आहे, हे लक्षात घेतले की हा बदल समजतो. एका ओळीवरून निष्कर्ष काढायचा नाही, लडाखी, भोटिया, पुरिग, बाल्टी, तिबेटी, शेर्पा या ओळी एकत्र वाचायच्या.

पण 'भोटिया' ओळ डोळे झाकून घेऊही नका. उत्तराखंडातल्या जोहार, दारमा, ब्यांस खोऱ्यांतल्या भोटिया समाजाच्या भाषा या तिबेटीच्या शाखा नाहीत, आणि कित्येक घरांत आता कुमाऊँनीच बोलतात. राज्यनिहाय फोड बघा: लडाख आणि सिक्कीमचे भोटिया रुंद मोजणीत घ्या, कुमाऊँचे बाजूला ठेवा.

परिशिष्टात नसलेल्या भाषेला जनगणनेत स्वतंत्र ओळ मिळते ती १०,००० बोलणारे भरले तरच. त्याखालच्या 'इतर' मध्ये जातात. बंगालीला ही अडचण कधीच येत नाही. ती परिशिष्टात आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीसोबत तिलाही अभिजात दर्जा दिला. दर्जावरून बोलणाऱ्यांचा अंदाज मात्र बांधू नये.

धर्मावरून भाषा ठरवणे ही आणखी एक नेहमीची चूक. बाल्टी बोलणारे, गिलगिट-बाल्टिस्तानच्या स्कर्दू भागातले लोक जवळपास सगळे मुसलमान आहेत. कारगिलचे पुरिगभाषक बहुतेक शिया आहेत. १९७१ च्या युद्धात भारताकडे आलेल्या तुर्तुक गावात बाल्टीच बोलतात. उलट तवांगचे मोनपा बौद्ध आहेत, मठात तिबेटी ग्रंथ वाचतात, पण घरची भाषा वेगळ्या शाखेची आहे. नेपाळातले तामांगही असेच: नात्याने जवळचे, पण तिबेटीचे रूप नव्हे.

पायरी ६: मधला पट्टा चालून बघा, निदान नकाशावर

दोन्ही क्षेत्रे एकमेकांना भिडतात का? नाही. आणि का नाही हे एका रस्त्यावर दिसते. सिलिगुडीपासून सुरुवात करा. उंची जेमतेम सव्वाशे मीटर. इथे बंगाली, हिंदी, नेपाळी, राजबंशी सगळे कानावर पडते. सेवकला तिस्ता नदी डोंगरातून बाहेर पडते आणि रस्ता तिच्या काठाने वर चढतो. कालिझोरा, तिस्ता बाजार ओलांडेपर्यंत दुकानातले बोलणे नेपाळीवर आलेले असते, जरी तुम्ही अजून पश्चिम बंगालमध्येच आहात. रंगपोला सिक्कीम लागते. सिलिगुडीहून गंगटोक सुमारे ११५ किलोमीटर, उंची साडेसोळाशे मीटरच्या आसपास. गंगटोकच्या बाजारातही नेपाळीच. भुतिया ऐकायची तर उत्तरेला लाचेन-लाचुंगच्या गावांत जावे लागते. गंगटोकच्या पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर ४,३१० मीटर उंचीची नाथू ला खिंड आहे, आणि पलीकडे उतरले की चुंबी खोरे, जिथे तिबेटी बोलतात.

म्हणजे बंगालीची कडा डोंगराच्या पायथ्याशी थांबते, तिबेटीची कडा साधारण दोन-अडीच हजार मीटरवर सुरू होते, आणि मधल्या उतारावर नेपाळी, लेपचा, लिंबू यांचा पट्टा आहे. भाताच्या सपाट शेतीने एक सीमा आखली, याक आणि जवाच्या उंचीने दुसरी.

हाच प्रयोग ब्रह्मपुत्रेवर करा. वर तिबेटात तिचे नाव यारलुंग त्सांगपो, खाली बांगलादेशात जमुना. मध्ये नामचा बरवाचे वळण, अरुणाचलात सियांगकाठचे आदी लोक, मग आसामी. एकच नदी दोन्ही भाषांच्या प्रदेशांतून वाहते, पण तिबेटीतून थेट बंगालीत कुठेही उतरत नाही.

पायरी ७: वसाहती आणि स्थलांतर वेगळ्या खुणेने दाखवा

सलग प्रदेश रंगाने भरावा, तुटक वस्त्यांना ठिपका द्यावा. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटींच्या वसाहती धरमशाला, कर्नाटकातले बैलकुप्पे आणि मुंडगोड, छत्तीसगडचे मैनपाट, ओडिशातले चंद्रगिरी अशा विखुरलेल्या आहेत. बैलकुप्पे समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे मीटरवर आहे, म्हणजे उंचीचा नियम इथे लागू नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला दोन्ही भाषा शेजारी शेजारी बघायच्या असतील तर पूर्व विदर्भ बघावा. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ साली वसली. जिल्हा तेव्हा भंडारा होता, म्हणून जुन्या कागदांत ती 'भंडारा वसाहत' या नावाने सापडते. दक्षिणेला लागूनच गडचिरोली जिल्हा, आणि तिथल्या चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत. ओडिशातले मलकानगिरी आणि छत्तीसगडचे पखांजूर ही त्याच पुनर्वसनाची पुढची ठाणी. दोन्ही समाजांना सरकारने जमीन दिली ती जंगलपट्ट्यात, कारण मोकळी जमीन तिथेच होती. जिल्हापातळीवर ही गावे टक्क्यांत हरवतात, म्हणून सी-१६ तक्ता तालुक्यापर्यंत उघडून बघा.

भारतातल्या तिबेटींचे दोन आकडे दिसतील. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या मोजणीत भारतात ९४,२०३ होते, तर २०११ च्या जनगणनेत 'तिबेटी' या भाषेखाली मोजलेले १,८२,६८५. पहिली मोजणी निर्वासित समाजाची आहे, दुसरीत हिमालयी पट्ट्यातला कोणीही भारतीय नागरिक 'तिबेटी' असे सांगू शकतो. एकमेकांत मिसळू नका.

परदेशात लंडनचा टॉवर हॅम्लेट्स भाग सिल्हेटींचा, टोरंटोचा पार्कडेल आणि स्वित्झर्लंडमधली गावे तिबेटींची. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये बांगलादेशी दुकाने आणि तिबेटी मोमोवाले एकाच वस्तीत आहेत.

पायरी ८: पाट्यांवर विश्वास ठेवू नका

गुवाहाटीच्या पाट्या बघून 'इथे बंगाली चालते' असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. आसामी आणि बंगालीची लिपी जवळजवळ एकच आहे. ओळखायचे अक्षर 'र': बंगालीत त्याच्या खाली ठिपका असतो, आसामीत पोटातून तिरकी रेघ जाते. मणिपुरीही दीर्घकाळ बंगाली लिपीत लिहिली गेली. तिबेटी लिपीचेही असेच. थिम्फूच्या पाटीवर ती दिसते, पण भाषा झोंगखा असते. दगडांवर कोरलेले मंत्र आणि खिंडीतल्या पताका तर नेपाळी बोलणाऱ्या गावांतही असतात. आणि बाल्टी लिहिली जाते फारसी-अरबी वळणाच्या लिपीत, त्यामुळे स्कर्दूच्या पाट्यांवर तिबेटी अक्षरे शोधून निष्कर्ष काढला तर तोही उलटा निघेल.

पायरी ९: नकाशा काढताना

घनतेचा फरक आधी डोळ्यांसमोर ठेवा. बांगलादेशात दर चौरस किलोमीटरला १,११९ माणसे आहेत, तिबेट स्वायत्त प्रदेशात जेमतेम तीन. तो प्रदेश बांगलादेशाच्या आठपटींहून मोठा आहे. पूर्ण रंग भरलेला नकाशा म्हणूनच तिबेटीला मोठी आणि बंगालीला लहान दाखवतो. ठिपक्यांचा नकाशा काढा, एक ठिपका म्हणजे ५०,००० बोलणारे. बांगलादेश आणि भारत मिळून बंगालीचे २५ कोटी धरले तर ५,००० ठिपके पडतील. चीनमधल्या ७० लाख तिबेटींचे १४० पडतील, त्यातले स्वायत्त प्रदेशात साधारण ६२. दहा हजारांचा ठिपका घेऊ नका, डेल्टाचा भाग सगळा काळा होतो आणि ढाका, बारीसाल, कोलकाता ओळखू येत नाहीत.

गोठणगाव किंवा मुलचेरासारख्या वस्त्यांना ५०,००० चा ठिपका बसत नाही. त्यांना पोकळ वर्तुळ द्या आणि खुणांच्या यादीत त्याचा अर्थ लिहा. बांगलादेशाचे २०२२ आणि भारताचे २०११ हे आकडे अकरा वर्षांच्या अंतराचे आहेत. बेरीज करा, पण दोन्ही वर्षे नकाशाखालच्या ओळीत छापा, आणि त्याच ओळीत मोजणी आखूड आहे की रुंद तेही.